"आमच्याकडे असं नसतं बाई": ऑस्ट्रेलियातून शिकागो बघायला गेलेल्यांचा अनुभव धागा

यारावाली

जूनमध्ये आम्ही चौघं मेलबर्नहून शिकागोला जाऊन आलो, धाकटी बहीण तिकडे सबर्बात राहते. पहिल्याच दिवशी मिशिगन अव्हेन्यूवर एका दुकानात चार पोस्टकार्डं आणि पाण्याची बाटली घेतली, लेबलं बघून मनातल्या मनात बेरीज केली, तेवढे पैसे सुटे मोजून काउंटरवर ठेवले, तर पोरगी म्हणते अजून द्या. म्हटलं अगं किंमत इथे छापलीय की. तर म्हणे प्लस टॅक्स. शिकागोत सेल्स टॅक्स दहा टक्क्यांहून थोडा जास्त, आणि आपला ऑस्ट्रेलियातला जीएसटीही १० टक्केच आहे, पण तो किमतीतच असतो ना, गिऱ्हाइकाला रांगेत उभं राहून गणित नाही करावं लागत. मी तणतणत बाहेर आले आणि बहिणीला म्हटलं, "आमच्याकडे असं नसतं बाई, जे लिहिलंय तेच द्यायचं." ती म्हणाली, "ताई, आमच्याकडे म्हणजे साताऱ्याला का? तिथेही एमआरपी असते." मी गप्पच. कारण मला साताऱ्याची आठवणसुद्धा झाली नव्हती, मी मेलबर्नबद्दल बोलत होते. बावीस वर्षं मेलबर्नमध्ये आमच्याकडे म्हटलं की ते साताराच असायचं.

तर म्हटलं धागा काढूया. ऑस्ट्रेलियाहून शिकागोला गेलेल्यांनी लिहा, काय बघितलं, कुठे फसलात, आणि "आमच्याकडे" कुठे कुठे तोंडातून निघालं. प्रवासवर्णन नको, अनुभव हवेत.

ब्रिस्बेनी बंड्या

छान धागा! मी सांगतो, टिप. नदीकाठी कॉफी घेतली, पोराने कप दिला आणि टॅब्लेट माझ्याकडे वळवला, १८ टक्के, २० टक्के, २५ टक्के अशी तीन मोठी बटणं आणि "नो टिप" कुठेतरी कोपऱ्यात बारीक अक्षरात. तो माझ्याकडे बघतोय, मागे सहा जण उभे, बायको कोपराने ढोसतेय. दाबलं २५. फ्लॅट व्हाइट मागितली होती, मिळालं ते गरम दूध. त्यावर पंचवीस टक्के!!

दुसरं म्हणजे नोटा. आपल्याकडे पाचची गुलाबी, दहाची निळी, वीसची लाल, आकार पण वेगवेगळा आणि प्लॅस्टिकच्या, खिशात धुतल्या गेल्या तरी फरक नाही. तिकडे एकपासून शंभरपर्यंत सगळ्या एकाच मापाच्या आणि जवळजवळ एकाच रंगाच्या, संध्याकाळी अंधुक उजेडात मी एकची समजून बॅग उचलणाऱ्याला वीसची दिली. तो इतका खूश झाला की मला परत मागवेना.

आणि आम्ही शहाणे गेलो होतो डिसेंबर २०२३ मध्ये. ब्रिस्बेनला कडक उन्हाळा, तिकडे पारा शून्याखाली. त्यात बीनच्या, म्हणजे त्या मोठ्या चकचकीत स्टीलच्या शिल्पाच्या, भोवतीचं प्लाझाचं काम चालू होतं, कुंपण घातलेलं, म्हणजे ज्याच्यासमोर सगळे फोटो काढतात ते आम्ही जाळीतून बघितलं. २०२४ च्या जूनमध्ये उघडलं म्हणे. असो.

यारावाली

बंड्या, आम्हाला बीन जवळून मिळालं! त्याचं खरं नाव क्लाउड गेट, पण शिकागोत ते नाव कोणी घेताना ऐकलं नाही. ते करणारा अनिश कपूर मुंबईत जन्मलेला, हे मी पोरांना सांगितलं तर धाकटा म्हणाला "सो?" १६८ स्टीलच्या प्लेटा जोडून केलंय आणि जोड कुठे दिसत नाही, मी बोट फिरवून बघितलं. माझ्या नवऱ्याने मात्र खाली वाकून स्वतःचं पोट आरशात लांबलचक झालेलं बघितलं आणि त्या दिवशी डीप डिश पिझ्झा खाणार नाही म्हणाला. खाल्लाच. पाऊण तास ओव्हनमध्ये ठेवतात, चीज खाली आणि टोमॅटोचं सार वर, म्हणजे आपण उलट्या बाजूने बघतोय की काय असं वाटतं. दोन तुकड्यांत माणूस आडवा.

नेपरव्हिलची मावशी

मी दुसऱ्या बाजूने, शिकागोकडून, लिहू का? माझ्याकडे आत्तापर्यंत तीन खेपा ऑस्ट्रेलियाचे पाहुणे येऊन गेले, दोन सिडनीचे, एक पर्थचे. आल्याआल्या सगळ्यांचा पहिला प्रश्न, "कपडे वाळत कुठे घालू?" अहो, ड्रायर आहे. नाही, त्यांना दोरी पाहिजे. आमच्या सोसायटीत बाहेर दोरी लावायला बंदी आहे म्हटलं तर सिडनीची वन्सं मला म्हणाली, "एवढं ऊन फुकट घालवता?" आणि तिने डेकच्या कठड्यावर टॉवेल पसरला, मला दुसऱ्या दिवशी पत्र आलं.

मग किटली. तुमच्याकडे २३० व्होल्ट, आमच्याकडे १२०, त्यामुळे इलेक्ट्रिक किटली रडतरखडत तापते, पाहुणे तिच्यासमोर उभे राहून तिला बोल लावतात. मी आपला पातेल्यात चहा टाकते. आणि दिवे! तुमचा खटका खाली केला की लागतो, आमचा वर केला की. तीन आठवडे माझ्या बेसमेंटचा दिवा रात्रंदिवस चालू होता कारण पर्थचे काका प्रामाणिकपणे रोज रात्री "बंद" करून झोपत.

पण एक सांगते, शिकागो मी अठरा वर्षं राहून जेवढं बघितलं नाही तेवढं ह्या लोकांमुळे बघितलं. आर्किटेक्चरची बोट टूर मी पाहुण्यांबरोबरच पहिल्यांदा केली. नदी उलटी वाहवलीय हे मला तिथे कळलं, १९०० मध्ये, शहराची घाण लेक मिशिगन ह्या तळ्यात जायची आणि तळ्यातलंच पाणी प्यायचं, म्हणून कालवा खणून नदीचं तोंडच फिरवलं. पर्थचे काका इंजिनिअर, त्यांनी गाइडला इतके प्रश्न विचारले की बाकीचे लोक माझ्याकडे बघायला लागले.

अ‍ॅडलेडचा मामा

मावशी, तो कठड्यावरचा टॉवेल!! बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली बरोबरच केलं तिने.

माझं ड्रायव्हिंगचं. उजव्या बाजूने चालवायचं हे दोन दिवसांत जमतं, पण हात ऐकत नाही. आपल्या गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला, तिकडे डाव्या, त्यामुळे मी प्रत्येक वळणावर वायपर चालू करायचो, कडक ऊन, आणि वायपर फटाक फटाक. मागचा हॉर्न मारतोय, पोरं मागे हसून हसून लोळतायत. त्यात भर लोअर वॅकर ड्राइव्हची. रस्त्याच्या खाली रस्ता, त्याच्याखाली काही ठिकाणी अजून एक, आणि तिथे जीपीएस गेलं की गेलं, निळा ठिपका नदीत पोहतोय. मी अर्धा तास खांबांच्या जंगलात फिरत होतो, वरती शिकागो होतं एवढंच माहीत. शेवटी डिलिव्हरी ट्रकच्या मागे मागे गेलो, तो बाहेर काढेल म्हणून, तो एका हॉटेलच्या माल उतरवायच्या धक्क्यावर गेला.

गाडी परत केली आणि ट्रेन धरली. ती लाकडी फलाटांवरची, खांबांवरून जाणारी एल ट्रेन, लूपचा तो लोखंडी सांगाडा १८९७ चा, आणि वळणावर जी किंचाळते! खिडकीतून लोकांच्या ऑफिसातले टेबलं दिसतात. त्या एका गोष्टीला मी "आमच्याकडे असं नाही" हे हळहळून म्हटलं.

कॅनबेरी

मी कॅनबेराची, त्यामुळे माझी ट्रिप जरा वेगळी होती, नवरा म्हणतो लोक शिकागोला जाऊन पिझ्झा खातात, तू स्मशानात गेलीस.

कॅनबेराचा आराखडा शिकागोच्या नवरा-बायकोने केला हे आमच्या पोरांना शाळेत शिकवतात. वॉल्टर बर्ली ग्रिफिन आणि मॅरियन महोनी ग्रिफिन. १९१२ मध्ये स्पर्धा जिंकली, आणि ते डोळ्यांत भरले ते मॅरियनने काढलेल्या त्या लांबच लांब चित्रांमुळे, पण तळ्याला नाव वॉल्टरचं. आमच्या घरापासून ते तळं दहा मिनिटांवर आहे, मी रोज त्याच्याभोवती चालते. आणि ह्यात आपला, भारताचा, धागा म्हणजे वॉल्टर पुढे लखनौला गेला, तिथल्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीच्या कामासाठी, आणि १९३७ मध्ये तिथेच वारला, लखनौलाच पुरलंय. मॅरियन शिकागोला परत आली, १९६१ मध्ये गेली.

तर ग्रेसलँड सिमेट्री. तिकडे मोठमोठे बिल्डर, उद्योगपती, त्यांच्या थडग्यांवर देवळं उभी केलीत अक्षरशः. मी ऑफिसातून नकाशा घेतला आणि शोधत बसले. मॅरियनच्या अस्थी कितीतरी वर्षं पाटीशिवाय होत्या, १९९७ मध्ये भिंतीतल्या कोनाड्यात ठेवून पाटी लावली. भिंत, त्यात चौकोन, त्यातला एक तिचा. मी बरोबर काहीच नेलं नव्हतं. पर्समध्ये कॅनबेराच्या बसचं मायवे कार्ड होतं, ते क्षणभर त्या पाटीला टेकवलं आणि परत ठेवलं, का ते विचारू नका. शेजारून गवत कापायचं मशिन घेऊन एक माणूस गेला, म्हणाला "फॅमिली?" मी हो म्हणून बसले.

ब्रिस्बेनी बंड्या

कॅनबेरी, _/\_

सिडनीतले आजोबा

मी व सौ. २०१० च्या डिसेंबरात मुलीकडे गेलो होतो. थंडीबद्दल बंड्याने लिहिलेच आहे. मला आर्ट इन्स्टिट्यूट बघायचे होते ते चित्रांसाठी नव्हे. ११ सप्टेंबर १८९३ रोजी विवेकानंद जिथे बोलले ती हीच वास्तू, समोरच्या मिशिगन अव्हेन्यूच्या तुकड्याला त्यांच्या नावाची पाटीही आहे. आम्ही आत गेलो आणि बघतो तर मोठ्या जिन्याच्या पायऱ्यांवर, प्रत्येक पायरीच्या उभ्या भागावर, त्या भाषणाची अक्षरे दिव्यांनी लिहिलेली. लाल, केशरी, पिवळी, निळी, हिरवी. मुंबईच्या जितिश कलात यांचे काम. रंग अमेरिकेच्या त्या दहशतवादाच्या धोक्याच्या इशाऱ्यांचे, कारण तारीख तीच, ११ सप्टेंबर. ११८ पायऱ्या. सौ.चे गुडघे दुखत होते, तिला म्हटले तू खाली बस, मी वाचून सांगतो, तर ती म्हणाली मीही वाचत येते, आणि एकेका पायरीवर थांबत वरपर्यंत आली. लोक आमच्यासाठी बाजूला होत होते.

उत्तरेला विल्मेट येथे बहाई मंदिर आहे, पांढरे शुभ्र, नऊ बाजूंचे, जाळीदार घुमटाचे. मी भारावून मुलीला म्हटले असे आमच्याकडे पाहिजे. ती म्हणाली बाबा, सिडनीत आहे. खरोखरच आहे, मोना व्हेलजवळच्या टेकडीवर, १९६१ पासून. आम्ही तेव्हा सिडनीत अकरा वर्षे राहत होतो. परत आल्यावर पहिल्याच रविवारी डबा घेऊन गेलो.

ता. क. सार्वजनिक शौचालयांच्या दारांना एवढ्या फटी का ठेवतात हे मला अद्याप समजलेले नाही.

पर्थची पोर

आजोबा, ता. क. ला हजार मोदक 😂

मी मैत्रिणींबरोबर गेले होते जुलैत. आम्ही पर्थवाले, म्हणजे बीच म्हटलं की अंगात येतं, ओक स्ट्रीट बीचवर गेलो, मागे गगनचुंबी बिल्डिंगी, पुढे निळंशार पाणी, पलीकडचा किनारा दिसत नाही, लाटा पण आहेत छोट्या, मी धावत जाऊन सूर मारला आणि तोंडात पाणी गेलं तर खारट नाही! माहीत होतं हो लेक मिशिगन आहे ते, पण जिभेला कोण सांगणार. वास पण नाही समुद्राचा, काहीतरी चुकलंय असं सारखं वाटत राहतं, जेवणात मीठ नसल्यासारखं. अठ्ठावन्न हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या टास्मानियापेक्षा थोडंसंच लहान. आम्ही लाल-पिवळे झेंडे शोधत होतो त्यांच्या मधे पोहायला, लाइफगार्डला विचारलं तर त्याला कळेना काय म्हणतेय. सबंध बीचवर लांब बाह्यांचा रॅशी (पोहायचा शर्ट) आणि टोपी घातलेल्या आम्ही तिघीच.

आणि सगळ्यात जास्त वेळा विचारलं गेलं ते "व्हेअर आर यू फ्रॉम". पर्थ म्हटलं की "नो बट रिअली?" मग मी नागपूर म्हणायचे आणि ते खूश व्हायचे. डेव्हन अव्हेन्यूवर, आपल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, मात्र उलटं. किराणा दुकानात मी आईसाठी फोनवर मराठीत विचारत होते भाजणी मिळतेय घेऊ का, शेजारच्या काकूंनी ऐकलं, "अय्या मराठी! कुठली तू?" मी आपलं नागपूर म्हटलं, तर म्हणाल्या नाही गं, बोलतेस वेगळीच, राहतेस कुठे?

नेपरव्हिलची मावशी

पोरी, भाजणी घेतलीस का पण? पर्थच्या विमानतळावर काढून घेतली असेल.

पर्थची पोर

मावशी, कार्डावर खरं लिहिलं, डिक्लेअर केली. ऑफिसरने पिशवी हुंगली, "कमर्शिअली पॅक्ड, नो वरीज" म्हणाला आणि सोडली. त्याचं "नो वरीज" ऐकून मला रडूच आलं.

यारावाली

१०३ व्या मजल्यावरच्या काचेच्या खोक्याबद्दल कोणीच लिहिलं नाही! विलिस टॉवरचं. चार फूट बाहेर काढलेली काच, खाली चारशे मीटरवर टॅक्स्या. मी डोळे मिटून उभी राहिले आणि नवऱ्याला म्हटलं आमच्याकडे पण आहे असं, युरेका टॉवरला, ८८ व्या मजल्यावर. तो म्हणाला, "तिथे तरी कुठे चढलीस?" नव्हते चढले.

बहीण धागा वाचतेय. ऑक्टोबरात मेलबर्नला येतेय, काल फोनवर विचारत होती वेटरला किती टक्के ठेवायचे. म्हटलं काही नाही ठेवायचे. "असं कसं? मग त्यांचं भागतं कसं? आमच्याकडे तर..."

मी फोन स्पीकरवर टाकला.