फ्लोरेन्स पाहिलेल्यांनी इथे लिहा

प्रवासवर्णन नको. पुढे जाणाऱ्याला कामाला येईल तेवढंच.

*

दुओमोच्या (मुख्य कॅथेड्रलच्या) घुमटाला ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, आणि वेळ आधी राखून ठेवावीच लागते. वाट घुमटाच्या दोन कवचांमधून जाते. शेवटी शेवटी भिंत अंगावर कलते. कोंडल्यासारखं होणाऱ्यांनी शेजारचा जिओत्तोचा मनोरा (४१४ पायऱ्या) चढावा. फोटोत घुमट हवा असेल तरी मनोराच.

घुमट चढलात तर धापा टाकत वर न पळता आतल्या विटा बघा. आडव्या थरांत मधूनमधून उभी वीट दिसेल, माशाच्या काट्यासारखी नक्षी. ती शोभेची नाही. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ मध्ये हा घुमट जमिनीपासून लाकडी आधार न देता बांधला. थर आत झुकू लागले की चुना सुकायच्या आत विटा घसरणार. त्यांना या उभ्या विटा अडवून धरतात.

*

उफिझी आणि अकादेमिया ही कलासंग्रहालयं सोमवारी बंद. महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट, म्हणूनच त्या दिवशी फिरकू नका. सिन्योरिया चौकातला मायकेलअँजेलोचा डेव्हिड (पुतळा) नक्कल आहे. अस्सल १८७३ पासून अकादेमियात.

सान मार्को मठ लोक वगळतात, ते चुकतं. सकाळीच गाठा. जिना वळला की समोर फ्रा अँजेलिकोचं भित्तिचित्र, आणि पुढे भिक्षूंच्या एकेका खोलीत एकेक.

दुओमोच्या बाजूने पोन्ते वेक्यो पूल ओलांडून डावीकडे सांता फेलिचिता चर्च. आत शिरताच उजव्या हाताला चित्रकार पोन्तोर्मोचं काम. सुटी नाणी जवळ असू द्या, दिवा नाण्यावर लागतो.

*

खाण्याचं. बिस्तेक्काचा (गोमांसाच्या जाड स्टेकचा) मेनूतला दर प्लेटचा नसतो, किलोचा किंवा 'एत्तो'चा (१०० ग्रॅम) असतो. तुकडा सहज किलोभर भरतो, तेव्हा आधी वजन विचारा. आतून लालच देतात. पूर्ण शिजवून हवं असेल तर दुसरं काही मागवा. लाम्प्रेदोत्तो म्हणजे गायीचं चौथं जठर, पावात घालून. पाव अळणी लागला तर आचारी मीठ विसरलेला नाही, तो तसाच करतात.

*

शाकाहारींसाठी रिबोल्लिता: शिळा पाव, पांढरा घेवडा, काळा कोबी. पण 'चे कार्ने नेल ब्रोदो?' (रश्शात मांस आहे का?) हे विचाराच. पार्मिज्यानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने बनतं. कडक पाळणाऱ्यांनी 'सेन्झा फोर्माज्यो' सांगावं. बिलातला 'कोपेर्तो' हा माणशी बैठकीचा आकार, फसवणूक नव्हे.

*

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्समध्ये वारले. आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. तिथे छत्री आणि अर्धपुतळा आहे. पत्ता विचारताना 'इंदियानो' म्हणा. जागा काश्चीने बागेच्या पार पश्चिम टोकाला, आणि 'काश्चीने' नावाचा ट्राम थांबा पूर्वेकडे. तिथे उतरलात तर जवळजवळ अख्खी बाग चालावी लागते.