तोंडाची कोरड नेमकी कोणत्या गोळीमुळे, हे कसं तपासायचं?

प्रश्न: आईचं वय ६८. लघवीच्या घाईसाठी सकाळी सोलिफेनासिन ५ मिग्रॅ, पायांच्या जळजळीसाठी रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिग्रॅ. तोंडाला एवढी कोरड पडते की भाकरी पाण्याशिवाय उतरत नाही. रक्तातली साखर ठीक आहे. दोन्हींपैकी दोष कोणाचा, कसं कळेल?

उत्तर १: आधी लाळ मोजा, नाहीतर बदल झाला की नाही यावर घरात नुसते वाद होतील. आधी दीड तास खाणं, चहा, ब्रश, सुपारी काही नको. रिकामी वाटी ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोला. आईंना एकदा गिळायला सांगा, मग मान जरा पुढे झुकवून १५ मिनिटं साठेल ती लाळ वाटीत सोडू द्या. बोलायचं नाही, चघळायचं नाही, खाकरून काढायची नाही. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. १५ मिनिटांत दीड मिली किंवा त्याहून कमी भरली तर लाळ खरोखरच कमी आहे. सिरिंजवर वाचू नका, फेसाने आकडा फुगतो. वेळ रोज तीच ठेवा, कारण दिवसभरात लाळ कमीजास्त होते.

उत्तर २: दोन्ही गोळ्या लाळग्रंथींना मिळणारा चेतातंतूंचा संदेश अडवतात, त्यामुळे परिणामाची बेरीज होते. औषधांच्या बिलांवरून बघा, कोरड कोणत्या गोळीनंतर सुरू झाली. दुकानातून आणलेल्या सर्दीच्या गोळ्याही धरा, त्यांतल्या क्लोरफेनिरामिननेही तोंड कोरडं पडतं.

बदल एका वेळी एकाच औषधात, तोही डॉक्टरांना विचारूनच. दोन्ही एकदम थांबवलीत तर काहीच कळणार नाही.

प्रश्नकर्ता: मग आधी कुठली?

उत्तर २: सोलिफेनासिन, कारण तिला मिराबेग्रॉनचा पर्याय आहे आणि त्याने कोरड कमी पडते. मात्र त्याने रक्तदाब वाढू शकतो, तो तपासत राहावा लागतो. सोलिफेनासिनचं अर्धायुष्य (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) ४५ ते ६८ तास, म्हणजे अंगातून निघायला दोन आठवडे धरा. बहुतेक जण चार दिवसांनी मोजतात आणि 'गोळीचा संबंध नाही' म्हणून मोकळे होतात. अमिट्रिप्टिलिनची पाळी आली तर डॉक्टर सांगतील तशी उतरवा. अचानक सोडल्याने मळमळ आणि झोपमोड होऊ शकते.

उत्तर ३: दोन्ही बदलूनही आकडा हलला नाही आणि डोळेही कोरडे असतील, तर शोग्रेन आजारासाठी (यात शरीराची प्रतिकारशक्तीच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर हल्ला करते) अँटी-रो ही रक्ततपासणी करून घ्या. लाळ पुरेशी भरते पण पहाटे तोंड सुकतं, असं असेल तर झोपेत तोंडाने श्वास घेतला जातोय का ते बघा.

तोवर दात सांभाळा. लाळ कमी असताना हिरड्यांलगतची मुळं झपाट्याने किडतात, त्यामुळे लिंबाच्या गोळ्या किंवा खडीसाखर तोंडात धरू देऊ नका. फ्लोराइडची पेस्ट दोनदा लावा, रात्री थुंकल्यावर चूळ भरू नका.