‘कथित’, ‘तथाकथित’ आणि आपले ‘म्हणे’

बातमीत ‘कथित’ लिहावे की ‘तथाकथित’, असे विचारले की बहुतेक जण दोन्ही एकच मानून मोकळे होतात. मला ते पटत नाही. ‘कथित’ म्हणजे कोणीतरी सांगितलेले. लिहिणाऱ्याने त्याची खातरजमा केलेली नाही, एवढीच नोंद तो शब्द करतो. ‘तथाकथित’मध्ये मात्र तिरकसपणा आहे. ‘तथाकथित समाजसेवक’ असे लिहिणारा त्या गृहस्थांना समाजसेवक मानत नाही, हे वाचताक्षणी कळते. त्यामुळे ‘कथित गैरव्यवहार’ हा सावध प्रयोग ठरतो, तर ‘तथाकथित गैरव्यवहार’ लिहिणारा नकळत आरोपीची वकिली करून बसतो. ‘कथित आरोपी’ हा तर निव्वळ घोटाळा आहे, कारण ज्याच्यावर आरोप आहे तो आरोपी असतोच. ठरायचा असतो तो गुन्हा.

बोलण्यात हे सारे काम एकटे ‘म्हणे’ करते. ‘त्याने म्हणे पैसे खाल्ले’ यात ते मध्ये येते आणि माहिती ऐकीव असल्याचे सांगते. ‘म्हणे मोठा समाजसेवक!’ यात तेच सुरुवातीला येऊन नाक मुरडते. अडचण होते ती बोललेले लिहिण्यात उतरताना. ‘खडकवासल्यातून रात्री पाणी सोडणार आहेत म्हणे’ असे जिन्यात ऐकलेले वाक्य व्हॉट्सॲपवर जाते तेव्हा ‘खडकवासल्यातून रात्री पाणी सोडणार, सर्वांना कळवा’ असे होते. ‘म्हणे’ गळते, ‘कळवा’ चिकटते आणि ऐकीव गोष्टीची सूचना होऊन जाते.

अर्थात ‘म्हणे’ ठेवले म्हणजे सुटलो, असेही नाही. संविधानाचा अनुच्छेद १९ भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देतो आणि त्याच अनुच्छेदाचा दुसरा खंड अब्रुनुकसानीसह काही ठरावीक कारणांसाठी ‘वाजवी निर्बंध’ घालण्याची मुभा देतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही बदनामीकारक आरोप स्वतः करणाऱ्याबरोबर तो प्रसिद्ध करणारा धरलेला आहे. ‘मी फक्त पुढे पाठवले’ यातल्या ‘फक्त’वर फार भिस्त ठेवता येत नाही, ती यामुळे.

मराठी वृत्तपत्रसृष्टीला हे फार लवकर कळले. कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांची म्हणून दाखवली गेलेली पत्रे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी छापली, ती बनावट ठरली आणि टिळक व आगरकर यांना १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली, त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. हेतू कोल्हापूरच्या छत्रपतींच्या कैवाराचा होता आणि दोघांनी माफीही मागितली होती, तरी कागदाचा खरेखोटेपणा छापण्याआधी पाहिला गेला नव्हता, ही गोष्ट उरतेच.

आता ‘असे समजते’विषयी. कोणाला समजते आणि कोणाकडून, हे दोन्ही त्यात झाकलेले राहते, म्हणून तो प्रयोग मला ‘म्हणे’पेक्षाही निसरडा वाटतो, ‘म्हणे’त निदान कोणीतरी म्हणणारा आहे, इतके तरी कबूल असते. ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ हे लांबलचक आहे, मथळ्यात मावत नाही, हे उपसंपादकांचे गाऱ्हाणे खरे आहे. मथळ्यात ‘कथित’ चालवून घ्यावे, पण खालच्या पहिल्याच वाक्यात म्हणणारा नावानिशी किंवा हुद्द्यानिशी यावा.