३०६० कार्डासाठी कॅबिनेटसोबतचा फुकट एसएमपीएस चालेल का?

पंचवटीकर_एडिटर
नमस्कार. लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. नवीन पीसी जुळवतेय: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड (१२ जीबी), ३२ जीबी रॅम, एक एनव्हीएमई एसएसडी आणि आधीची ४ टीबी हार्डडिस्क. एमजी रोडवरचा दुकानदार म्हणतो, कॅबिनेटसोबत ५०० वॅटचा एसएमपीएस (पीसीच्या भागांना वीज पुरवणारा डबा) फुकट येतोय, वेगळा कशाला घेता? पण गेल्या मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली-आली आणि असाच फुकटातला एसएमपीएस फट्कन उडाला, जाताना एक डिस्क घेऊन गेला. त्यात एका मुलीच्या हळदीचं सगळं शूट होतं. तिच्या आईला फोन लावला तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. तसा फोन मला पुन्हा करायचा नाही.

सातपूर_रिपेअर
ताई, मोठ्या अक्षरातले ५०० सोडा. बाजूच्या स्टिकरवर +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत?

पंचवटीकर_एडिटर
१८.

सातपूर_रिपेअर
म्हणजे १२ गुणिले १८, २१६ वॅट. तुमचं कार्ड एकटं १७० मागतं, प्रोसेसर भरात आला की ७६. इथेच २४६ झाले, आणि पंखे, डिस्क, मदरबोर्ड अजून धरलेच नाहीत. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळे बाकीच्या व्होल्टेजचे वॅट मिळवून फुगवलेला आकडा तुमच्या काहीच कामाचा नाही. हा घेऊ नका.

५५० वॅटचा ब्रॉन्झ रेटिंगचा घ्या, कार्डाची कंपनी एनव्हिडियाही ५५०च सांगते. १२ व्होल्टवर ४० अँपिअरच्या वर हवेत आणि वॉरंटी पाच वर्षांची. ब्रॉन्झ म्हणजे वीज कमी वाया जाते एवढंच. शॉर्टसर्किट, जादा व्होल्टेज यांपासून संरक्षण आहे का, ते खोक्यावर वेगळं वाचा. कार्डाची आठ पिनांची वायर थेट एसएमपीएसमधून यायला हवी. हार्डडिस्कच्या वायरीवरून जोडायचं कन्व्हर्टर कुणालाही लावू देऊ नका. वितळलेले कनेक्टर मी दर उन्हाळ्यात काढतो.

देवळालीकर
यूपीएस कोणता आहे? ६०० व्हीएचे बहुतेक ३६० वॅटच देतात. रेंडरला (व्हिडिओ तयार होताना) मशीन ३०० खाईल, ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर भिंतीतून साडेतीनशे, वर मॉनिटर. लाइट गेली की यूपीएसच बसेल. १००० व्हीए बघा. शिवाय काही स्वस्त यूपीएसवर चांगले एसएमपीएस लाइट जाताच बंद पडतात, तेव्हा दुकानातच मशीन चालू ठेवून यूपीएसचा प्लग काढून बघा.

पंचवटीकर_एडिटर
यूपीएस ६०० व्हीएचाच आहे. अजून एक, आमचा वाडा जुना आहे. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, तो एसएमपीएसचाच दोष का?

सातपूर_रिपेअर
नाही ताई, बहुतेक अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा करंट पत्र्यावर येतो, त्याला जायला वाट लागते. नवा आणला तरी मुंग्या येतच राहतील. आधी वायरमनकडून बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्या, मग खरेदीला जा. आणि ती ४ टीबी डिस्क नव्या मशीनला लावायच्या आधी तिची कॉपी करून ठेवा.

पंचवटीकर_एडिटर
कॉपी आत्ताच लावली. वायरमन उद्या सकाळी येतोय.