अनुभव धागा : अंगठा ठणकतो, कोलेस्टेरॉल गप्प बसतं

तापीकाठी (धागा काढणारा), भुसावळ

गेल्या मे महिन्यात पुतण्याची हळद होती. आमच्याकडचा मे तुम्हाला माहीत आहे, पारा ४५ च्या खाली यायला तयार नाही. आदल्या रात्री पाहुण्यांसाठी मळ्यात बोकड, हळदीला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. दिवसभर मांडवात धावपळ केली, पाणी कमी आणि चहा जास्त. रात्री गच्चीवर आडवा झालो. दोनच्या सुमारास उजव्या पायाचा अंगठा असा पेटला की मी "विंचू!" म्हणून ओरडलो. बायकोने बॅटरी आणली, गादी झटकली, शेजारचा पोरगा काठी घेऊन आला. विंचू काही निघाला नाही. अंगठ्याच्या बुडाचा सांधा मात्र लालबुंद, गरम आणि चकचकीत. पातळ चादरीचा काठ लागला तरी जीव जात होता.

सकाळी रक्त तपासलं. यूरिक ॲसिड ६.४. "हे तर नॉर्मल आहे, काहीतरी चावलंय" असं ठरलं आणि पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या मिळाल्या. आठवड्याने उतरलं. पोळ्याला परत तेच. दिवाळीनंतर तिसऱ्यांदा. तेव्हा दुसऱ्या एका डॉक्टरांनी सांगितलं, दुखणं पूर्ण बसू द्या, दोन आठवड्यांनी रक्त द्या. ९.१ निघालं. म्हणजे गाउट, रक्तातलं यूरिक ॲसिड वाढून सांध्यात साचतं ते दुखणं. झटका चालू असताना रक्तातलं यूरिक ॲसिड खाली आलेलं दिसू शकतं, म्हणून त्या वेळच्या नॉर्मलवर विसंबायचं नसतं. हे मला पहिल्या रात्री कोणी सांगितलं असतं तर सहा महिने वाचले असते.

आता खरी गोष्ट. त्याच कागदावर खाली ट्रायग्लिसराइड, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या जोडीने मोजतात ती रक्तातली चरबी, ३८० लिहिलं होतं. हवं १५० च्या आत. त्याची गोळी मी चार दिवस घेतली आणि कागद देव्हाऱ्यामागे खोचला. का? तर तिथे काही दुखत नव्हतं. अंगठ्याची गोळी मात्र घड्याळ लावून घेतो.

तुमच्या घरात काय चालतं ते लिहा. फक्त डोस लिहू नका, कोणीतरी वाचून दुकानातून आणतो.

लॅबवाला, चोपडा

काका, तुमचा देव्हारा तर आम्ही रोज बघतो. लोक "उपाशीपोटी आलोय" म्हणतात आणि मिशीला चहाची साय असते. एकदा एक गृहस्थ भंडाऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आले. रक्त मशीनमध्ये फिरवलं की वर जे सीरम येतं ते साधारण फिकट पिवळं, आरपार दिसणारं असतं. यांचं पांढरं, ताकासारखं. नळी फ्रिजमध्ये उभी ठेवली, सकाळी वर सायीचा थर धरलेला. मी ती नळी त्यांना हातात दिली. बराच वेळ उजेडात धरून बघत होते. मग म्हणाले, "हे माझ्या अंगात फिरतंय?" रिपोर्टच्या आकड्याने जे झालं नसतं ते त्या नळीने केलं.

आणखी एक. पुष्कळ लॅबमध्ये एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) वजा आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असलं की हा हिशेब चालत नाही. तिथे एलडीएलचा आकडा छापलेला दिसला तर तो थेट मोजलाय का, असं विचारायला लाजू नका. आणि ५०० च्या वर गेलं तर निवांत बसू नका, स्वादुपिंडाला सूज यायची भीती असते.

केळीवाला, यावल

मला बीपीसाठी "पाण्याची गोळी" चालू होती, म्हणजे लघवी जास्त करवणारी. दोन वर्षांनी अंगठा. पहाटे केळीची कटाई होती, गाडी दारात उभी आणि माझा पाय चपलेत जाईना. टाचेवर चालत बागेपर्यंत गेलो. पोरं हसत होती, मी रडायचाच बाकी होतो.

घरात सगळ्यांनी निदान केलं, केळी बंद. मीच पिकवतो आणि मीच बंद! डॉक्टर हसले. केळ्यात प्युरिन (ज्याचं अंगात यूरिक ॲसिड होतं) अगदी कमी, डायबेटिस असेल तर गोष्ट वेगळी. दोष त्या पाण्याच्या गोळीकडे निघाला, त्या जातीच्या गोळ्या यूरिक ॲसिड किडनीतून बाहेर जाऊ देत नाहीत. बीपीची गोळी बदलून लोसार्टन दिली, ती उलट थोडं यूरिक ॲसिड उतरवते म्हणे. डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, एवढंच सांगतो. मी आधी नेली नव्हती.

एकादशी, अमळनेर

हे पुरुषांचं दुखणं असं सगळे म्हणतात, म्हणून माझ्याकडे कोणी लक्षच दिलं नाही. वय ५८. हाताच्या मधल्या बोटाचा सांधा सुजायचा. सासूबाईंना संधिवात होता, तोच आला असं धरून चाललो. तपासलं तर यूरिक ॲसिड ८.२. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाळी चालू असते तोवर बाईला थोडं संरक्षण असतं, नंतर तुम्ही पुरुषांच्या रांगेत.

मग त्यांनी विचारलं, उपास किती करता? मी चातुर्मासात आठवड्याला दोन, त्यातला एक निर्जळी. दुखणं बघितलं तर नेमकं उपासाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पोट रिकामं असलं की शरीर स्वतःची चरबी जाळतं, त्यात तयार होणारी आम्लं यूरिक ॲसिडला लघवीतून बाहेर पडू देत नाहीत, आणि पाणी नाही म्हटल्यावर तर विचारूच नका. उपास सोडले नाहीत. निर्जळी सोडला. देवाला याचं काही वाटलं असेल असं मला वाटत नाही. सासूबाईंना वाटलं.

बट्टीप्रेमी, पारोळा

मला तीन वर्षं तूरडाळ बंद होती. वरणाशिवाय बट्टी म्हणजे विटेचा तुकडा. लग्नात लोक वरणात तूप ओतत होते आणि मी दह्याशी बट्टी चावत होतो. यूरिक ॲसिड ढिम्म हललं नाही. मग नवीन डॉक्टर म्हणाले, डाळी, मटकी, पालक यांत प्युरिन असलं तरी त्याने झटका येतो असं आढळलेलं नाही. मटण, त्यातही कलेजी-भेजा, सुकी मासळी, बिअर आणि गोड थंड पेयं, यांच्याकडे बघा. ताक प्या, दही खा, दुधाचे पदार्थ उलट चांगले. आणि वजन उतरवा, पण सावकाश.

तीन वर्षांचं वरण कोण परत देणार?

तापीकाठी

बट्टीप्रेमी, या आमच्याकडे. वरण मी करतो, तूप तुम्ही मोजा.

शहाद्याचा ड्रायव्हर

बिअरवाले आम्ही. उन्हात गाडी चालवून ढाब्यावर थंड काय घेणार? दोनदा मुतखडा झाला. पहिल्यांदा एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही, तर मला वाटलं डॉक्टर पैसे काढतोय. नंतर सोनोग्राफीत सापडला. यूरिक ॲसिडचा खडा साध्या एक्स-रेत दिसत नाही, ही गंमत तेव्हा कळली. आता केबिनमध्ये पाच लिटरची कॅन असते, संध्याकाळपर्यंत संपवायची. क्लीनर म्हणतो, "भो, गाडीपेक्षा तूच जास्त थांबस."

धुळे ते पुणे

माझं जरा वेगळं आहे. वय ३१, वजन ५८ किलो, दारू नाही, तंबाखू नाही. कंपनीच्या तपासणीत एलडीएल २४४ आलं. घरी सांगितलं तर आत्या म्हणाली, "तू काडीसारखा, तुला कसलं कोलेस्टेरॉल? लॅबवाल्याने नळ्या बदलल्या." मलाही तेच वाटलं. तूप, तळण, अंडी सगळं सोडलं, तीन महिन्यांनी २२६.

मग हृदयरोगाच्या डॉक्टरांनी माझा चेहरा बघून विचारलं, वडील? वडील ४४ व्या वर्षी शेतातून येऊन ओट्यावर बसले आणि गेले. तेव्हा मी नववीत होतो. घरात सगळे म्हणायचे, ऊन बाधलं. डॉक्टरांनी वडिलांचा फोटो मागितला. मोबाइलमध्ये लग्नातला एक जुना फोटो होता, तो मोठा करून बघितला. दोन्ही पापण्यांवर नाकाच्या बाजूला पिवळट उंचवटे. आम्ही लहानपणी त्याला "पप्पांचे डाळीचे दाणे" म्हणायचो. ती चरबी होती. सोळा वर्षं भिंतीवर फोटो टांगलेला आहे, रोज हार बदलतो, आणि कोणाला कळलं नाही.

हे आनुवंशिक असतं. कोलेस्टेरॉलचा मोठा भाग यकृत स्वतः तयार करतं, आणि आमच्या घराण्यात रक्तातलं एलडीएल उचलून घेणारी यंत्रणाच अर्धवट आहे. त्यामुळे नुसत्या पथ्याने भागत नाही. आईबापांपैकी एकाला असलं तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. मी गोळी सुरू केली, आता ९५ वर आहे. दिवाळीत गावी सगळ्या चुलत भावंडांना रांगेत उभं करून रक्त काढायला लावलं. सातपैकी तिघांचं १९० च्या वर. धाकटा काका अजून तयार नाही. "माले काय व्हस?" एवढंच म्हणतो. वय ४३.

लॅबवाला, चोपडा

काकांना इकडे घेऊन या. मी नळी दाखवतो.

धुळे ते पुणे

दादा, त्यांची नळी पांढरी दिसणार नाही ना? एलडीएल वाढलं तरी सीरम स्वच्छच असतं असं वाचलं.

लॅबवाला, चोपडा

बरोबर. ती पांढरी होते ती ट्रायग्लिसराइडने. तेच तर अवघड आहे, यात दाखवायलाही काही नाही. मग तुमच्या पप्पांचा फोटोच दाखवा.

पाटोडी, पाचोरा

कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी सुरू केली आणि पोटऱ्या दुखायला लागल्या. मैत्रिणींनी सांगितलं, बंद कर, या गोळ्या वाईट. मी बंद न करता डॉक्टरांकडे गेले (हा माझा आयुष्यातला एकमेव शहाणपणा). त्यांनी थायरॉइड तपासलं. ते मंदावलेलं निघालं. थायरॉइड मंदावला की कोलेस्टेरॉलही वाढतं आणि स्नायूही दुखतात. थायरॉइडची गोळी घेतल्यावर दोन्ही खाली आलं.

पुडीवाला नव्हे, पुडी खाणारा (नंदुरबार)

लाज वाटते पण लिहितो. बाजारात बसणाऱ्या एकाकडून राखाडी पावडरच्या पुड्या आणल्या. वर नाव नाही, गाव नाही. पहिल्या पुडीत अंगठा गार. मी चौघांना सांगत सुटलो, डॉक्टर लुटतात म्हणून. तीन महिन्यांत तोंड सुजल्यासारखं गोल झालं, साखर ३०० वर गेली, बीपी वाढलं. डॉक्टर म्हणाले, त्यात स्टिरॉइड असणार. एकदम बंद करू नका, हळूहळू उतरवू या. त्या चौघांच्या घरी परत जाऊन सांगून आलो. एकाने दार उघडलं नाही.

वातरक्त

वैद्यकीच्या अभ्यासात शिकलो ते सांगतो. चरकसंहितेत वातरक्ताची (आयुर्वेदातलं गाउटचं नाव) जी दुसरी नावं दिली आहेत त्यात एक "आढ्यवात" आहे, म्हणजे श्रीमंतांचा वात. तेव्हा रोज मटण आणि मद्य श्रीमंतालाच परवडत असणार. आज ढाब्यावर बसणाऱ्या कोणालाही परवडतं.

नाव नको, जामनेर

एक चूक माझी. यूरिक ॲसिड उतरवणारी ॲलोप्युरिनॉल सुरू केली आणि पहिल्याच महिन्यात दोनदा अंगठा सुजला. म्हटलं गोळीच वाईट, फेकली. नंतर कळलं, रक्तातलं यूरिक ॲसिड खाली यायला लागलं की सांध्यात साचलेले खडे विरघळताना, सुटताना उलट झटके येतात. म्हणून सुरुवातीचे काही महिने सोबत झटका रोखणारी कोल्चिसिनसारखी गोळी देतात. मला ती दिली होती, जुलाब झाले म्हणून मीच बंद केली होती, आणि डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. आता पुन्हा सुरू केली आहे, पातळी ६ च्या खाली ठेवायची असं ठरलंय. साधारण ६.८ च्या वर ते रक्तात विरघळून राहू शकत नाही, सुईसारखे बारीक खडे धरायला लागतात. खाली ठेवलं की जुन्या सुयाही हळूहळू विरतात.

मात्र या गोळीने अंगावर पुरळ आलं, तोंडात फोड आले तर वाट बघायची नाही. त्याच दिवशी गोळी थांबवून डॉक्टरकडे. माझ्या मेव्हण्याला आलं होतं, तो दवाखान्यात दाखल होता.

एकादशी, अमळनेर

सगळे मटणावर आणि बिअरवर लिहितायत. आमच्या घरात ते शिरत नाही. पण आमच्या लहानपणी प्रत्येक सणाला डालडा असायचा, लाडू-करंज्या त्यातच. तेव्हा ते आधुनिक आणि स्वच्छ वाटायचं. त्यातलं ट्रान्स फॅट एलडीएल वाढवतं आणि चांगलं एचडीएल उतरवतं, हे पुष्कळ नंतर कळलं. आता २०२२ पासून तेलात आणि डालड्यात त्याला २ टक्क्यांची मर्यादा आहे. मिठाईच्या दुकानात मागच्या खोलीत काय कढतंय ते मात्र मी विचारत नाही. विचारलं तर जिलबी खाता येणार नाही.

बट्टीप्रेमी, पारोळा

भरीत चालेल का, हे कोणीच सांगितलं नाही. थंडी आली. रविवारी मळ्यात भरीत पार्टी आहे.

तापीकाठी

वांग्याने काही होत नाही. आम्ही परवाच केलं, हिरवी वांगी तुराट्यांवर भाजून, लाकडी बडगीत ठेचून. फोडणीच्या वेळी मी पहिल्यांदाच कढईजवळ उभं राहून बघितलं. वहिनीने डबा उलटा केला. आठ माणसांना पाऊण लिटर शेंगदाण्याचं तेल! तेलात कोलेस्टेरॉल नसतं हे खरं, डब्यावर तसं छापलेलंही असतं, पण माझं ट्रायग्लिसराइड आणि माझं पोट ते वाचत नाही. मी म्हटलं, निम्मं कर. वहिनी म्हणाली, मग त्याला भरीत म्हणू नका. शेवटी माझ्यापुरतं वेगळ्या पातेल्यात दोन पळ्यांत केलं, सोबत कळण्याची पुरी नाही, भाकरी.

चव? कमी होती. खोटं कशाला बोलू.

देव्हाऱ्यामागचा कागद काढलाय. त्याला कुंकू लागलं होतं, आकडा दिसेना. परत रक्त द्यायला सोमवारी जातो, रात्रीपासून पाण्याशिवाय काही न घेता. लॅबवाले दादा, चहासुद्धा नाही.