बीअरचा हापसा विकायचाय, पण कुणाला?

लीड्सचा बापू:
नऊ वर्षं लीड्समध्ये काढली, दिवाळीनंतर पुण्याला परत चाललोय. सोफा गेला, सायकली गेल्या. गाडं अडलंय गॅरेजमधल्या बारवर. अँग्रमचं बीअर इंजिन आहे. इथल्या पबमध्ये काउंटरवर लांब मुठीचा जो हापसा उभा असतो, तोच. सोबत दोन स्टीलची पिनं (साडेचार गॅलनचं पिंप, ३६ पाइंट मावतात), कास्क ब्रीदर (पिंपात हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड सोडणारा व्हॉल्व्ह), स्पार्कलर (तोटीला लावायची बारीक भोकांची टोपी) आणि किरकोळ सटरफटर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कास्क एलमध्ये, म्हणजे पिंपातल्या पारंपरिक इंग्लिश बीअरमध्ये, यीस्ट जिवंत असतं, शेवटचं आंबणं पिंपातच होतं आणि बीअर गॅसच्या जोरावर नाही, हापसून काढतात. मी घरीच बनवायचो.

आता दोन गिऱ्हाइकं आहेत. एकाला नुसता हापसा हवाय, त्याचा टेबललॅम्प करणार म्हणतो. १८० पाउंड. दुसरा ब्रॅडफर्डचा पोरगा, स्वतः बीअर बनवतो, त्याला सगळं हवंय, पण खिशात १५०. मी पोराला देणार. चालत्या वस्तूचे तुकडे करून विकू नयेत असं माझं मत. बायको म्हणते, डोकं फिरलंय. तुम्ही सांगा.

रोखठोक:
वहिनी बरोबर आहेत. लॅम्पवाल्याला हापसा द्या, पिनं वेगळी विका, दोनशेच्या वर जाल. वस्तू विकली की आपला तिच्याशी संबंध संपला. पुण्यात कुठल्याही कॅफेत जा, कुणाच्या तरी आजोळचा तांब्याचा बंब दारात झाड लावून ठेवलेला असतो. कुणाचं काय बिघडलं?

लीड्सचा बापू:
माझं बिघडलं होतं. आमचा बंब काकांनी असाच दिला. पण तो निदान बंद पडलेला होता. हा हापसा गेल्या शनिवारपर्यंत चालू होता हो!

खवचट कोकणी:
मला मुळातच शंका आहे. जोसेफ ब्रामानं १७९७ मध्ये बीअरपंपाचं पेटंट घेतलं, ते मालकाला दर ग्लासामागे तळघरात उतरायला लागू नये म्हणून. तुमचं पिंप कुठे होतं? हापशाच्या खालच्या कपाटात! पिंपाला नळ ठोकला असता तरी बीअर आली असती. म्हणजे तुमच्याकडेही तो शोभेचाच होता. आता दिवा झाला तर रडता कशाला?

लीड्सचा बापू:
वर्मी लागलं. पण नळातून येणारी बीअर आणि स्पार्कलरच्या बारीक भोकांतून जोरानं हापसलेली बीअर सारखी नसते. यॉर्कशायरमध्ये दाट फेस लागतो.

रीडिंगकर:
दाट फेस म्हणजे पैसे देऊन हवा पिणं. स्पार्कलर फुकट दिलात तरी इकडे दक्षिण इंग्लंडमध्ये कुणी घेणार नाही.

लीड्सचा बापू:
त्यावर वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

तळघरवाली:
मी शेफील्डच्या एका पबमध्ये सेलर, म्हणजे बीअरचं तळघर, सांभाळते. सगळे हापशावर भांडताय, कुणी पिनांबद्दल विचारलंच नाही. बापू, त्यांच्यावर ब्रुअरीचं नाव कोरलंय का? असेल तर ती विकायला तुमची नाहीतच. पिंप ब्रुअरीच्या मालकीचं असतं, आत बीअर असो वा नसो. कुणाकडून पैसे मोजून घेतलं म्हणून ते आपलं होत नाही.

रोखठोक:
ताई, सेकंडहँड बाजारात अशी ढिगानं मिळतात.

तळघरवाली:
मिळतात, कारण पबच्या मागच्या अंगणातून उचलली जातात. छोट्या ब्रुअरीला एकेक पिन गेलेलं जाणवतं. आणि बापू, विकताना पाइप देऊ नका. प्लास्टिकच्या नळीत एकदा आंबट जंतू बसले की कितीही धुवा, पुढच्याची बीअर जाणार. सिलिंडर उघडा, पिस्टनचं सील बघा, घासलं असेल तर तसं स्पष्ट सांगा. ‘उत्तम स्थितीत’ लिहून मोकळं होऊ नका.

लीड्सचा बापू:
आत्ता टॉर्च मारून बघितलं. एक पिन कोरं आहे. दुसऱ्यावर नाव आहे. सहा वर्षांपूर्वी एकाकडून घेतलेलं, तेव्हा लक्षही दिलं नाही. उद्या ब्रुअरीला फोन करतो.

शुद्ध कास्क:
ब्रीदर मात्र फेकून द्या, त्या पोराला वाईट सवय लावू नका. पिंपात हवाच जायला हवी.

रीडिंगकर:
हवा गेली की तीन दिवसांत बीअर उतरते. घरी ३६ पाइंट तीन दिवसांत कोण संपवणार? ब्रीदर त्या जागी नुसता साध्या दाबाचा कार्बन डायऑक्साइड सोडतो, बीअरमध्ये घुसवत नाही. १९७१ पासून खऱ्या एलसाठी भांडणाऱ्या ‘कॅमरा’ या संघटनेनंसुद्धा २०१८ मध्ये विरोध सोडला, तुम्ही अजून धरून बसलाय.

शुद्ध कास्क:
मित्र बोलवावेत की. संपते.

औंधची मावशी:
पुण्यालाच घेऊन या ना सगळं! इथे ब्रूपब आहेत, पण असा हापसा मी तरी पाहिला नाही.

लीड्सचा बापू:
मावशी, ही बीअर ११ ते १३ अंशांत ठेवावी लागते. एप्रिलमध्ये त्यासाठी वेगळा फ्रिज लागेल. आणि इथे १९६३ पासून घरी स्वतःपुरती बीअर बनवायला परवाना लागत नाही, विकायची तेवढी नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, विनापरवाना बनवणं गुन्हा. मग तिथे त्याचा दिवाच होणार.

खवचट कोकणी:
म्हणजे दिवा टाळता येत नाही, फक्त कुठल्या देशात लावायचा एवढंच ठरवायचंय.

लीड्सचा बापू:
अपडेट. नावाचं पिन ब्रुअरीवाले येऊन घेऊन गेले. विचारलं काहीच नाही, उलट चार बाटल्या दिल्या. पोराला सगळं खरं सांगितलं: एकच पिन, पाइप नाही, सील घासलंय. १२० वर ठरलं, उद्या संध्याकाळी येतोय. लॅम्पवाल्याला ‘नाही’ म्हणून कळवलं. बायको बोलत नाहीये.

मूठ तेवढी काढून ठेवलीय. दुसरी सहज मिळते, तसं पोराला सांगितलंय. पुण्याला एवढी तरी नेतो.

रोखठोक:
थांबा. तुकडे करून विकू नयेत म्हणणारे तुम्हीच ना?

लीड्सचा बापू:
विकली कुठे? ठेवलीय.