आजीची वही 'संदर्भ' नाही? नव्या संपादकाने नियम आधी शिकायचे की लिहिता लिहिता?

गिरणगावची_लेक

मार्चपासून एका मुक्त ज्ञानकोशावर मराठीत संपादन करतेय. कोणता ते सांगत नाही, कारण तिथल्या कुणा एकाशी माझं भांडण नाही, मुद्द्यावर बोलायचंय. सुरुवात शुद्धलेखनापासून केली. वेलांट्या, अनुस्वार, 'परेल'चं 'परळ'. कुणी अडवलं नाही, हुरूप आला. मग गिरणगावातल्या खानावळींवर लिहायला बसले, कारण त्या विषयावर तिथे धड चार ओळी नव्हत्या.

माझी आजी लालबागला चाळीत खानावळ चालवायची. एका खोलीत पाळीपाळीने पंचवीसेक माणसं जेवून जायची. सगळे गिरणीतले, बरेचसे रत्नागिरी-साताऱ्याकडचे. पैसे महिन्याला, पगार झाला की. तिची हिशोबाची वही माझ्याकडे आहे, लांबट, लाल कापडी बांधणीची. प्रत्येक नावापुढे गाव, गिरणी आणि पाळी. पैसे आले की नावावर आडवी रेघ. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. मार्चच्या पानावर रेघा तुरळक आहेत, एप्रिलच्या पानावर एकही नाही. नावं मात्र सगळी तीच. म्हणजे माणसं जेवत होती.

हे मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी परिच्छेद गायब, आणि बदलाच्या सारांशात दोन शब्द: 'मूळ संशोधन'. आपल्याकडे एखाद्याने मूळ संशोधन केलं तर त्याचा सत्कार होतो. तिथे तो दोष धरतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी परिच्छेद परत टाकला, परत उलटवला गेला. दुसऱ्यांदा टाकल्यावर माझ्या चर्चापानावर, म्हणजे मला निरोप ठेवायच्या पानावर, आधीच लिहून ठेवलेला एक तयार साचा चिकटला, त्यात सात धोरणपानांचे दुवे. रात्री एक वाजेपर्यंत वाचत बसले. प्रत्येक पान आणखी तीन पानांकडे पाठवत होतं.

माझं म्हणणं असं की नव्या माणसाच्या हातात नियमांचं बाड देऊ नये. दोन वाक्यं स्वतः लिहून समजावणारा एक माणूस भेटला तरी पुरे. आणि त्याहून मोठी गोष्ट: बायकांच्या खानावळींचा इतिहास छापून आलाय तो थोडाच. बाकीचा अशा वह्यांत आहे. छापील नाही म्हणून ज्ञानकोशात नाही, हे मला मान्य नाही.

चावडीवरचा

ताई, तुमच्याशी जे झालं ते वाईट झालं. दोन शब्दांत कुणाचा परिच्छेद उडवू नये. तरीही नियमाच्या बाजूने बोलतो, कारण बरीच वर्षं हेच काम करतोय.

विकिपीडियाचं उदाहरण घेऊ. मजकुराबाबत तिथली मूळ धोरणं तीन: तटस्थ दृष्टिकोन, पडताळता येण्याजोगी माहिती आणि मूळ संशोधनाला, म्हणजे कुठेही न छापलेल्या स्वतःच्या निष्कर्षांना, मनाई. तिन्हींमागे एकच व्यवहार आहे. संपादक कोण, त्याचं शिक्षण काय, तो खरं बोलतोय का, हे तिथे कुणालाच कळत नाही. म्हणून माणसावर विश्वास ठेवायचाच नाही, वाचकाला स्वतः तपासता येईल अशा प्रकाशित साधनावर ठेवायचा. तुमची वही खरी आहे यात मला शंका नाही. पण उद्या कुणी येऊन लिहिलं की 'माझ्या आजोबांच्या डायरीत अमुक पुढाऱ्याने संप फोडायला पैसे घेतल्याची नोंद आहे', तर त्याची डायरी नाकारून तुमची वही मी कोणत्या तोंडाने ठेवू?

रोज घरी जाताना दादर ते बोरिवली मी मोबाइलवर 'अलीकडील बदल', म्हणजे सगळ्यांच्या ताज्या संपादनांची यादी, बघत असतो. कुणी शाळेच्या लेखात मित्राचं नाव घुसडतो, कुणी क्लासची जाहिरात टाकतो, कुणी एखाद्या संताची जात बदलतो. त्या रांगेत तुमचा परिच्छेद आला असेल. बघणारी माणसं मोजकी, म्हणून तयार साचे वापरले जातात.

आणि 'छापील थोडंच' हे शोधण्याआधी म्हणू नका. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते खानावळवाल्या बायकांसाठीच, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. त्यावर लिहिलं गेलंय. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखती घेऊन केलेलं पुस्तक २००४ साली आलं. तोंडी आठवणी छापल्या गेल्या की त्यांचा संदर्भ देता येतो. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनचं. एक शनिवार तिथे घालवा.

काळाचौकी_८२

चावडीवरचे दादा, तुमची मेहनत मान्य, पण मूळ दुखणं तुम्ही बाजूला ठेवलंत. छापून कुणाचं येतं? संपाचे पुढारी दत्ता सामंतांवर ढीगभर मिळेल, मिलमालकांवर मिळेल. अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांच्या भाकऱ्या कुणी आणि कशाच्या जोरावर थापल्या यावर किती पानं आहेत? जे तेव्हा छापलं गेलं नाही ते आज ज्ञानकोशातही येणार नाही, म्हणजे तोच अन्याय दुसऱ्यांदा. तुम्ही सांगता ती दोन नावं बरोबर आहेत, पण एवढ्या मोठ्या वस्तीला ती पुरतात का?

दुसरं असं की हे नियम इंग्रजीत घडले. त्या भाषेत शंभर-दीडशे वर्षांची वर्तमानपत्रं घरबसल्या शोधता येतात. मराठीत जुने अंक बघायला वाचनालयात जाऊन बाइंडिंग उघडावं लागतं, आणि कागदाचा तुकडा हातात येतो. नोकरी करणारी बाई शनिवारी तिथे जाणार कधी, घरचं करणार कधी?

यावर विचार झालेलाच नाही असंही नाही. २०११ च्या सुमारास भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून तोच संदर्भ म्हणून द्यायचा प्रयोग झाला होता. तो सगळीकडे रुजला नाही. पण त्यासाठी पुन्हा भांडायला काय हरकत आहे? नियम माणसांनी चर्चा करून केलेत. इंग्रजी विकिपीडियावर तर असंही धोरण आहे की एखादा नियम ज्ञानकोश सुधारण्याच्या आड येत असेल तर तो बाजूला ठेवा. 'नवागतांना चावू नका' हीसुद्धा तिथली लिखित सूचना आहे. ती कुणी साच्यात घालून चिकटवत नाही.

मास्तर_मुलुंड

मी कॉलेजात शिकवतो. मुलांना घेऊन संपादनाची कार्यशाळा केली होती, आणि तेव्हापासून माझं मत ठाम आहे: काही नियम आधीच शिकवले पाहिजेत, सगळे नाही.

एका मुलीने संध्याकाळपर्यंत चार लेख केले. मला अभिमान वाटला. वाचल्यावर कळलं, चारही वर्तमानपत्रांच्या साइटवरून जसेच्या तसे उचललेले. विचारलं तर म्हणाली, 'सर, खाली संदर्भ दिलाय ना.' तिला खरंच वाटत होतं की स्रोत सांगितला की उतरवून घेता येतं. चारही लेख काढले गेले. ती रडली, आणि परत कधी आली नाही. चूक तिची नव्हती. संदर्भ देणं वेगळं आणि प्रताधिकार (कॉपीराइट) वेगळा, हे मी सकाळी दहा मिनिटांत सांगायला हवं होतं. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. ज्ञानकोशकार श्री. व्यं. केतकर १९३७ साली गेले, त्यांच्या ज्ञानकोशातला त्यांचा मजकूर आज खुला आहे. कालच्या पेपरातली बातमी नाही.

आता मी मुलांना आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, बसवतो. स्वतःच्या शब्दांत पाच ओळी, प्रत्येक ओळीला एक संदर्भ. तेवढं जमलं की मुख्य लेखात. बाकीचं ठेच लागेल तसं शिकतात.

मंडळाचा_कार्यकर्ता

आमच्या गणेशोत्सव मंडळावरच्या माझ्या लेखातून 'सुप्रसिद्ध', 'भव्यदिव्य', 'नवसाला पावणारा' हे सगळं कापलं. आधी संताप आला. पण आमच्या मंडळाबद्दल आम्हीच असं लिहिलं, तर शेजारच्या गल्लीतलं मंडळही लिहिणारच. स्थापनेचं साल आणि पेपरातली बातमी तेवढी राहिली. ती कुणी काढू शकत नाही, यात समाधान आहे.

चावडीवरचा

ताई, एक सुचवतो. तुमचा मजकूर नष्ट झालेला नाही, 'इतिहास पहा'मध्ये जुनी आवृत्ती तशीच असते. आणि वहीची पानं स्कॅन करून कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर, टाका. आजीच्या लिखाणाचे हक्क तिच्या वारसांकडे असतात, परवाना ते देऊ शकतात. त्यावरून निष्कर्ष काढता येणार नाहीत, पण लेखात चित्र म्हणून लावता येईल.

गिरणगावची_लेक

सगळ्यांचं वाचलं. शनिवारी ग्रंथसंग्रहालयात जाऊन आले. अन्नपूर्णा मंडळाचा भाग संदर्भासकट लिहिला, दोन दिवस झाले, अजून टिकून आहे. मास्तरांचं पटलं, उतरवून घेणं आणि संदर्भ देणं यातला फरक मलाही नीट माहीत नव्हता.

स्कॅन मात्र नाही टाकणार. त्या पानावर नावं आहेत, गावं आहेत, आणि प्रत्येकापुढे थकलेली रक्कम. त्यातल्या दोघांची नातवंडं आजही आमच्याच मजल्यावर राहतात. आजोबांची उधारी जगाने बघावी असं त्यांना कसं वाटेल? आजीने एप्रिलनंतर कुणाच्या दारात जाऊन पैसे मागितले नाहीत. मी ते पान चव्हाट्यावर आणू शकत नाही. यावर कुठला नियम आहे का, मला दिसला नाही.

मास्तर_मुलुंड

मग नावं झाकून वहीवर एक लेख लिहा. दिवाळी अंकाला द्या, संपादकाला वही दाखवा. छापून आला की संदर्भ झाला. फक्त तो ज्ञानकोशात तुम्ही स्वतः टाकू नका, चर्चापानावर सुचवा. लेख तुमचाच, म्हणून दुसऱ्याने तपासून टाकलेला बरा.

काळाचौकी_८२

म्हणजे पुन्हा छापखान्याच्या दारातूनच जायचं.

गिरणगावची_लेक

हो, आणि ते मला अजूनही पटलेलं नाही. पण लिहायला घेतलंय. आईला विचारलं तर ती म्हणाली, एप्रिलमध्ये आजीने डाळ पातळ केली, भाकरीचा आकार बदलला नाही. हे वहीत नाही.

चावडीवरचा

हेही लेखात घाला. आईचं नाव, वय आणि कधी सांगितलं ती तारीख, हे त्यांची परवानगी घेऊन लिहा. छापून आला की मला कळवा, मी तपासून टाकतो.